सदर बाई गावातच आहे

१

पाच वर्षांनी मी परदेशातून गावी आले आणि मला एकानंही ‘कधी आलीस?’ असं विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, आमच्याकडे माणूस नुसतं कोपरगावच्या बाजारातून आलं तरी वेशीपासून घरापर्यंत दहाजण विचारतात, कधी आलीस, कशानं आलीस, किती दिवस हायेस. उत्तर कुणालाच नको असतं, तोंडाला सवयच तशी. आणि मी तर सातासमुद्रापलीकडून आले होते. अंगात कोट, हातात चामडी बॅग, केस कानापर्यंत कापलेले. पुणतांब्याला गाडीतून उतरले आणि दीड कोस चालत गावाकडे निघाले. ओढ्यात शेरडं घेऊन मच्छिंद्र बसला होता. चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता तो. त्यानं मान वर केली, “आज लई उशीर केलास,” म्हणाला आणि पुन्हा बिडी ओढायला लागला.

मला वाटलं, थट्टा करतोय. मच्छिंद्राला थट्टा कधी जमली नव्हती, पण पाच वर्षांत माणूस शिकत असेल.

गल्लीत शेजारची बनामावशी दारात गोवऱ्या रचत होती. मला बघून ती उठलीसुद्धा नाही.

“चांगुणे, सकाळी नेलेलं सूप दे बाई परत. रेशनचा मिलो जोंधळा पाखडायचाय.”

“कुठलं सूप, मावशी?”

“आता गं बया! हातानं नेलंस की.”

मी हसून घरात शिरले. आमच्या भिंतीला एक सूप टेकवलेलं होतं आणि त्याच्या कडेला बनामावशीच्या घरची लाल चिंधी बांधलेली होती.

आई चुलीपुढं होती. पाच वर्षांनी लेक आली म्हणून ती धावत येईल, कुरवाळेल, रडेल, आणि मी तिला ‘पुरे गं’ म्हणेन, असं सगळं मी गाडीत ठरवून आले होते. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

“आलीस? हात धू.”

२

आधी माझं सांगते, म्हणजे घोटाळा नको. मी चांगुणा रंभाजी पगारे. नर्स. नगरला शिकले, अडुसष्टच्या मार्चमध्ये अमेरिकेला गेले, तिथं चार वर्षं एका मोठ्या दवाखान्यात काम केलं आणि कायमची रहिवासी म्हणून कार्ड मिळवलं. मग बाळंतपणाच्या शिक्षणासाठी वर्षभर लंडनला गेले. निघताना अमेरिकेच्या सरकारनं हातात एक परवाना दिला. वर्षाच्या आत परत आलात तर दार उघडं, एक दिवस जरी वर झाला तरी कार्ड रद्द. त्यावरची तारीख होती नऊ मार्च एकोणीसशे त्र्याहत्तर. लंडनचं शिक्षण संपलं तेव्हा हातात महिनाभर उरला होता, म्हणून आईला भेटायला आले. मी घरात पाऊल ठेवलं तो दिवस वीस फेब्रुवारीचा, मंगळवार.

पासपोर्टाचीही पाच वर्षं भरत आली होती. मुंबईत उतरल्या उतरल्या मी तो नवा करायला टाकला. तिथला क्लार्क भला माणूस. म्हणाला, तुमच्या गावच्या पोलीस पाटलाचा जबाब नगरहून सीलबंद करून हातोहात आणा, दोन दिवसांत पासपोर्ट देतो. पासपोर्ट हा इथून बाहेर पडायचा कागद आणि परवाना हा तिथं आत शिरायचा. एक नसला तर दुसरा चुलीत घालायचा.

आणि मला परत जायचं होतं. आईवर माया नव्हती, असं कुणी म्हणू नये. पण तिथं मी सिस्टर पगारे होते. डॉक्टर मला विचारून औषध बदलायचे. माझी एक खोली होती, तिला आतून कडी होती. इथं मी रंभाजीची पोर. रंभाजी कोण, तर गावकुसाबाहेरचा. बापानं छप्पन्न साली नागपूरला जाऊन धम्म घेतला, आल्या आल्या घरातले सगळे देव टोपलीत भरून गोदावरीत सोडले आणि आम्हां पोरांना बजावलं, भूत, पिशाच्च, करणी, काही म्हणता काही या घरात चालणार नाही. त्यामुळे पुढं मी जे सांगणार आहे ते सांगताना मलाच माझी लाज वाटते.

संध्याकाळी माझा थोरला भाऊ भिमाजी दुष्काळी कामावरून आला. दारातच थबकला. माझ्या केसांकडे बघितलं, कोटाकडे बघितलं, मग आईकडे बघितलं.

“केस कापले व्हय?” एवढंच म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

आईनं चार ताटं वाढली. घरात माणसं तीन. चौथं ताट तिनं दुसऱ्या ताटानं झाकलं आणि मागल्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवलं.

“ते कुणाला?”

“असू दे. जेव तू.”

सकाळी ते ताट घासून पालथं घातलेलं होतं.

३

मी नर्स आहे. पहिला विचार मनात आला तो आईच्या डोक्याचा. वय झालं, दुष्काळात धड खायला नाही, बाप गेल्यापासून एकटी. असं झालं की म्हातारी माणसं गेलेल्यांची ताटं वाढतात, मी वॉर्डात पाहिलंय. गुरुवारी दुपारी मी तिला समोर बसवली. नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, वार विचारला.

“गुरवार. तुला ठावं न्हाई व्हय?”

“पोरं किती तुला?”

“दोन. भिमाजी अन् तू.”

“शंभरातून सात गेले की किती राहतात?”

“मला शाळंत घातलं हुतं का कुनी? तुजं डोकं ठिकानावर हाय का, चांगुणे?”

डोकं तिचं स्वच्छ होतं. मग मी घर तपासायला लागले. मागं दोरीवर माझी हिरवी पाचवारी वाळत होती. अमेरिकेला जाताना पेटीत ठेवून गेलेली. ती आईनं नेसली म्हणावं, तर आई जन्मभर नऊवारी लुगड्याशिवाय काही नेसली नाही. साडीचा काठ पार विरला होता आणि एका जागी त्याला रफू होतं. धागा उलटा घालून गाठ आतल्या बाजूला लपवायची, तसं. तसं रफू आमच्या घरात एकटी मीच करायची. कोनाड्यात माझी फणी होती आणि फणीत केस होते, हातभर लांब. माझे असे होते, कापायच्या आधी.

आणि घागर भरलेली होती. गावची विहीर आटून दोन महिने झाले होते, टँकर दोन दिवसांआड यायचा, त्यावर बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. आमच्या घरातली घागर मी कधीही पाहावी तर काठोकाठ. पाणी थंडगार.

“पाणी कोण आणतं?” मी भिमाजीला विचारलं.

त्यानं पायताण घातलं. “तूच इचार आईला,” म्हणाला. “माज्या तोंडून नगं.”

४

शुक्रवारी सकाळी चावडीवर गेले. पोलीस पाटील उत्तमराव. उमदा माणूस, खोटं बोलत नाही, म्हणून तर तालुक्याला त्यांचा शब्द चालतो. चावडीच्या ज्या पायरीखाली माझा बाप जोडे काढून उभा राहायचा ती पायरी मी बूट घालून चढले आणि साहेबलोकांसाठी ठेवलेल्या खुर्चीत बसले. पाटलांनी भुवई वर केली.

“माझ्या पासपोर्टाचा जबाब पाहिजे, पाटील.”

“लिहून ठेवलाय की. कागद कालच्या टपालानं आला.” त्यांनी टेबलाच्या खणातून कागद काढून माझ्यापुढं सरकवला.

मी वाचला. अक्षर सुरेख होतं. ‘सदर बाई जन्मापासून गावातच आहे. वागणूक चांगली. गावाबाहेर कोठेही गेलेली नाही.’

“पाटील, मी पाच वर्षं परदेशात होते.”

“आसं काय म्हनतीस? परवा तर तुला टँकरवर बघितली.”

“परवा मी घरात झोपले होते. पाय सुजले होते प्रवासानं.”

“मग कोन हुती ती?” त्यांनी खरंच विचारलं. चेष्टा नव्हती. “हे बघ पोरी, मी डोळ्यांनी बघितलेलं लिहितो. ऐकीव लिहीत न्हाई.” मग त्यांनी दप्तर सोडून एक पंचनामा काढला. मागच्या श्रावणात गोरक्षची म्हैस कोरड्या विहिरीत पडून मेली, त्याचा. खाली पंचांच्या सह्या. “बायांत लिहिता येनारी तूच. मीच बोलावलं हुतं तुला. ही बघ.”

सही माझी होती. चांगुणा रं. पगारे. मुलगी असताना मला एक खोड होती, अनुस्वार भरीव काढायचा नाही, बारीक पोकळ गोल काढायचा. मास्तरांचा मार खाल्ला तरी सुटली नव्हती. अमेरिकेत गेल्यावर मराठी घरच्या घाईच्या पत्रांपुरतंच उरलं, खोड आपोआप मेली. या कागदावर दोन अनुस्वार होते आणि दोन्ही पोकळ होते.

मागच्या श्रावणात मी लंडनच्या वॉर्डात एका बाईचं पोर पायाकडून बाहेर काढत होते. त्या बाईचं नावसुद्धा मला पाठ आहे.

“हा जबाब पाठवू नका,” मी म्हटलं.

“मग काय लिहू?”

“सोमवारपर्यंत थांबा. सांगते.”

“थांबतो,” पाटील म्हणाले. मी पायऱ्या उतरायला लागले तेव्हा त्यांनी मागून विचारलं, “चांगुणे, केस कवा कापलेस? टँकरवर तर येनी हुती.”

५

घरी आले आणि आईच्या हातातलं मिलोचं पीठ बाजूला ठेवलं.

“आई, खरं सांग. माझ्यामागं या घरात कोण राहतंय?”

तिनं हात पुसले. तिला सांगायला अवघड वाटलं असं मला दिसलं नाही. आपण शेजारणीला भाजी कशी केली ते सांगतो, तसं तिनं सांगितलं.

“तू निघालीस त्या दिशी दारातनं म्हनालीस, येते गं आई. मी भाकर थापीत हुते. म्हनलं, ये. दिस मावळायला मागल्या दारानं आलीस.”

“मी?”

“मग कोन? म्हनलं, काय गं, गाडी चुकली व्हय? तू काय बोलली न्हाईस. घागर उचललीस अन् पान्याला गेलीस.”

घरातून निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं. जाते हे मेलेल्या माणसाचं बोलणं. दोन वर्षांच्या पोराला आधी हेच शिकवतात. मीही तेच म्हणाले होते, सगळे म्हणतात तेच, मागं वळूनसुद्धा न बघता. आणि आईनं ‘ये’ म्हटलं होतं, जसं सगळ्या आया म्हणतात.

“आणि माझी पत्रं? दर महिन्याला पत्र पाठवत होते मी!”

“भिमाजी वाचायचा. तूबी बसायचीस की चुलीम्होरं. बर्फाचं वाचलं की हसायचीस.”

मला आधी राग आला. भीती मागून आली. मी तिकडं एकटीनं आजारात कण्हत पडले, रडले, आईच्या हातच्या भाकरीची आठवण काढून पत्रं लिहिली, आणि ही कोण सटवी माझ्या आईच्या चुलीपुढं बसून माझी पत्रं ऐकत होती! हसत होती!

“कुठाय ती?”

आईनं मागल्या खोलीकडे मान केली. “तू आल्यापासनं बाहीर येत न्हाई फारशी. लाजती तुला.”

मी उठले. भर दुपार होती, गल्लीत कोंबड्या ओरडत होत्या. मागल्या खोलीचं दार ढकललं. खोली काय, सहा हात लांब. एका अंगाला दाण्याची कणगी, एका अंगाला वाकळ अंथरलेली. वाकळेवर मधोमध दबलेलं. मी हात ठेवला, ऊब होती. मांजर असेल, असं मी स्वतःला मोठ्यानं सांगितलं. कोपऱ्यात माझ्या जुन्या माक्याच्या तेलाचा वास होता.

मग श्वास ऐकू आला. कणगीच्या मागून. माणसाचा श्वास मला बरोबर कळतो, आयुष्यभर तेच मोजत आलेय. मनगटावरच्या घड्याळाकडे बघून मी मोजायला लागले. मिनिटाला सोळा. निरोगी, तरुण बाईचा श्वास. माझाच असेल, असंही वाटलं. म्हणून मी नाक दाबून धरलं.

सतरा. अठरा. एकोणीस.

“बाहेर…” मी ओरडले आणि पुढचा शब्द गिळला. बाहेर ये, असं म्हणणार होते. जीभ जागच्या जागी धरली मी. दार ओढून घेतलं आणि अंगणात जाऊन उन्हात बसले. लाज वाटली, बापाची आठवण आली. म्हटलं, बाबा, मी हिला मानत नाही. पण ही माझी सही करतेय, आता काय करू ते सांगा.

शनिवारी पाटलांना घरून बोलावणं धाडलं नाही, मी स्वतः गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्येच तोंडात सुपारी टाकली, हसले मात्र नाहीत.

“मागल्या खेपंला मी येशीतच हुतो,” ते म्हणाले. “मलाबी म्हनालीस, येते पाटील. अन् दुसऱ्या दिशी इहिरीवर दिसलीस. मग मी तरी कसं समजायचं?”

“सोमवारी आमच्या दारात या. मी कशी निघते ते डोळ्यांनी बघा. मग लिहा.”

६

सोमवारी सकाळी नऊला मी बॅग घेऊन अंगणात उतरले. पाटील सायकल धरून उभे होते. भिमाजी होता. बनामावशी आणि गल्लीतल्या चार बाया नेहमीसारख्या जमल्या होत्या. आई उंबऱ्यावर उभी होती.

आदल्या दिवशी तिला सगळं सांगून झालं होतं. माझ्याबरोबर चल, म्हणूनही झालं होतं. “तितं मला कोन हाय?” म्हणाली. मग तिनं माझा हात धरला होता. “तू जा. मी न्हाई म्हनत न्हाई. पन येते म्हनून जा गं. तू गेल्यावर मला हीच हाय. मला पानी कोन देईल?” पाच वर्षं तिला पाणी मी दिलं नव्हतं. ज्या कुणी दिलं तिला मी घालवायला निघाले होते, आणि तेही माझ्या कागदासाठी. मी काही देवी नाही. मला माझं नाव परत पाहिजे होतं, आणि ते दोघींना पुरणार नव्हतं.

मी आईच्या पायांना हात लावला, सरळ उभी राहिले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं, “आई, जाते.”

बनामावशीनं पदर तोंडात कोंबला. भिमाजी ओरडला, “थूक! थूक आधी, काय बोलतीस!”

“थुंकणार नाही. जाते म्हणाले. मी जाते.”

घरात घागर पडली. तिचा आवाज आणि पाणी सांडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. मग अनवाणी पावलं, मागल्या खोलीतून चुलीकडे आणि चुलीकडून दाराकडे, पळत. आईनं ती माझ्या आधी ओळखली असणार. म्हातारी गर्रकन मागं वळली, पुन्हा माझ्याकडे तोंड केलं, आणि दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना लावून दारात आडवी उभी राहिली. मागून तिला धक्का बसला. ती पुढं वाकली, पण तिनं चौकट सोडली नाही.

तिच्या खांद्यावर बोटं आली, मागून. चार बोटं. घागरीच्या पाण्यानं ओली. नखांच्या मुळाशी राख, कामाच्या बाईची असते तशी. पलीकडं घरातल्या अंधारात मनगट होतं आणि त्यावर माझ्या हिरव्या बांगड्या. माझ्या हातांना पाच वर्षं औषधाचा वास येतोय. ते हात माझे असते, इथंच राहिले असते तर.

“जा!” आई म्हणाली. ती रडत होती आणि दात आवळून उभी होती. “जा म्हनते ना! बघतीस काय? जा!”

कुठल्या आईनं लेकीला असं म्हटलं असेल का, मला माहीत नाही. मी बॅग उचलली आणि चालू लागले.

७

पुणतांब्याच्या स्टेशनवर त्या वेळी आम्ही दोघंच होतो. पाटील दीड कोस सायकल हातानं ढकलत माझ्याबरोबर आले होते. ते बाकावर बसले, माझी बॅग आडवी करून मांडीवर घेतली आणि तिच्यावर कोरा कागद ठेवला. मी त्यांच्यापुढं उभी राहिले, गावाच्या रस्त्याकडे पाठ करून. मनमाडकडून येणारी गाडी लांबवर दिसायला लागली होती. याच गाडीनं मला नगरला उतरायचं होतं.

“सांग.”

“लिहा. सदर बाई मार्च अडुसष्टमध्ये या गावातून गेली.”

पेन थांबलं. “नुसतं गेली? चांगुणे, वाचनारा म्हनंल मेली.”

“म्हणू द्या.”

“‘परदेशी असते’ लिहू का? चांगलं दिसतं.”

“असते नको. राहते नको. आहे तर मुळीच नको. गेली लिहा.”

पाटील लिहायला लागले. सदर बाई मार्च अडुसष्टमध्ये या गावातून गे. तिथं त्यांचा हात राहिला. ते माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत होते.

“कुनीतरी येतंय गं. पळत. बाई हाय. हात करतीय.”

मी हलले नाही. “कोण?”

“ऊन डोळ्यांवर येतंय. छबूबाई आसंल, तुजी आई. चाल तर तिचीच दिसती.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “पन तुमची दोघींची चाल एकच की.”

एक प्रश्न पुरला असता. नऊवारी की पाचवारी? पाटलांनी डोळ्यांवर हात धरून बघून सांगितलं असतं. प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण नऊवारी म्हणाले असते, तर आई धावत आली म्हणून मी थांबले असते. आणि पाचवारी म्हणाले असते, तर दारात आईचं काय झालं ते बघायला थांबले असते. दोन्हीकडून मी गावातच राहिले असते, माझ्या पायांनी.

“पाटील, ‘गे’वर थांबलात. पुढचा ‘ली’ लिहा.”

“आगं, पन एकदा वळून बघ तरी. म्हातारी आसली तर?”

“लिहा.”

त्यांनी ‘ली’ काढला, सही केली, खिशातला शिक्का फुंकर मारून उमटवला. शिक्का तिरपा बसला. गाडी फलाटाला लागली. मी कागदाची घडी घातली, परवान्याच्या आत ठेवली, बॅग घेतली आणि डब्याची दांडी धरली.

तेवढ्यात मागून हाक आली. “चांगुणाऽ!” फार लांबून नव्हती, फलाटाच्या टोकावरून असेल. आवाज धापा टाकत होता. लहानपणापासून लोक म्हणत आलेत की आवाजही आमचा मायलेकींचा एकच आहे.

मी ओ दिली नाही.